सरकलेले भिंग आणि अपुरे तक्ते

२०२१ च्या दिवाळीनंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. तिन्हीसांजेला माझ्या पत्नीने देवापुढे दिवा लावला होता. आई पाटावर टेकली आणि म्हणाली, "देवापुढं आज दोन समया कशाला लावल्या रं?" समई एकच होती. मी तिला डावा डोळा झाकायला सांगितले, तरी समया दोनच. उजवा झाकला, तेव्हा एक झाली. मला त्यातले काही कळत नव्हते, पण दोष एकट्या उजव्या डोळ्यात आहे एवढे समजले. त्याच उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू १९९९ साली तालुक्याच्या गावी निघाला होता.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या तरुण नेत्रशल्यकाने तपासून सांगितले, "आजी, तुमचं आतलं भिंग खाली सरकलंय. त्याची कड बाहुलीच्या मध्यावर आलीय." मग माझ्याकडे वळून विचारले, "काका, भिंगाचं कार्ड आहे का?" कार्ड नव्हते. तसले काही कार्ड असते हेच आम्हाला माहीत नव्हते. जिथे शस्त्रक्रिया झाली त्या ठिकाणी जाऊन आलो. बावीस वर्षांपूर्वीचे कागद तिथे कुणी ठेवले नव्हते.

माझी ओळख इथेच सांगून टाकतो. मी डॉक्टर नाही. बावीस वर्षे छापखान्यात मुद्रितशोधक होतो. क्रमिक पुस्तके, अहवाल आणि काही काळ एका वैद्यकीय परिषदेच्या स्मरणिका वाचल्या. मराठी वैज्ञानिक परिभाषेचा इतिहास हा माझा छंदाचा विषय. आईच्या डोळ्यामुळे सरकलेल्या भिंगावरचे शोधनिबंध हाती घेतले, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले, आणि मग सुटले नाहीत. चार वर्षांत शंभरावर निबंध झाले. शल्यकाने काय करावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण निबंध हाही एक मजकूर असतो, आणि मजकुरात काय लिहिले आहे, काय लिहायचे राहिले आहे हे पाहण्यात माझे आयुष्य गेले आहे. हा लेख त्या वाचनाचा आहे.

माझे म्हणणे आधीच सांगतो. सरकलेले भिंग जागेवर कसे आणावे, या प्रश्नाची फार सुंदर उत्तरे या साहित्यात आहेत. आणलेले भिंग किती वर्षे टिकेल, याचे उत्तर मात्र त्यात ढिले आहे. रुग्णाचा प्रश्न बहुतेक वेळा दुसरा असतो.

आपण म्हणतो, 'मोतीबिंदू काढला आणि भिंग बसवले.' अंगठीत खडा बसवावा तसे हे क्रियापद आहे. बसले म्हणजे बसले. डोळ्यातली व्यवस्था इतकी पक्की नसते. आपले मूळ भिंग एका पातळ पारदर्शक पिशवीत असते आणि ती पिशवी कडेने शेकडो बारीक तंतूंनी टांगलेली असते. मोतीबिंदूच्या आजच्या शस्त्रक्रियेत पिशवीला समोरून गोल खिडकी पाडून आतला गढूळ ऐवज काढतात आणि रिकाम्या पिशवीत कृत्रिम भिंग ठेवतात. त्याला दोन वाकडे पाय असतात, त्यांना हॅप्टिक म्हणतात. पाय पिशवीच्या कडांना टेकतात, पिशवी तंतूंवर लटकते. म्हणजे नवे भिंग जुन्याच दोरांवर टांगलेले असते. हे दोर कधी शस्त्रक्रियेतच तुटतात, कधी मार लागून. कधी कित्येक वर्षांनी आपोआप सैल होतात: मोठा मायनस नंबर असलेल्यांत, पडद्याची शस्त्रक्रिया झालेल्यांत, मार्फानसारख्या जन्मजात विकारांत. आणि सर्वांत जास्त वेळा स्यूडोएक्सफोलिएशन नावाच्या विकारात. यात डोळ्याच्या आतल्या भागांवर कोंड्यासारखा पांढरट थर साचतो. फिनलंडमधील लिंडबर्ग यांनी तो १९१७ साली प्रथम वर्णिला.

अशा वेळी भिंग पिशवीसकट खाली येते. खाली उतरलेल्या भिंगाला इंग्रजी पुस्तके 'सूर्यास्त' म्हणतात, वर सरकले तर 'सूर्योदय', आणि डोके हलले की काचेवरच्या वायपरसारखे डावे-उजवे झुलणाऱ्या भिंगालाही नाव आहे. ज्याने पहिल्यांदा 'सूर्यास्त' लिहिले त्याला भाषेचा कान होता असे मला वाटते. आईच्या डोळ्यात सूर्यास्त चालू होता.

इथे इतिहासातला एक विरोधाभास नोंदवायला हवा. भिंग जागेवरून सरकवणे हाच हजारो वर्षे मोतीबिंदूवरचा उपचार होता. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सतराव्या अध्यायात लिंगनाशावर शलाकेने करायची क्रिया आहे. तिच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत, पण बहुतेक अभ्यासक ती गढूळ भिंग ढकलून दृष्टीच्या मार्गातून दूर करण्याची क्रिया मानतात. मला त्या अध्यायात शलाकेपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी वाटते. क्रिया झाल्यावर रुग्णाने ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे, अंग हलवणे टाळावे असे तिथे सांगितले आहे, आणि वेध चुकला तर, शलाका वाईट असली तर काय काय बिघडते तेही सविस्तर दिले आहे. म्हणजे ग्रंथकाराने क्रियेच्या पुढचा काळ विषयाच्या आत घेतला आहे.

गढूळ भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये सुरू केली. पुढची दोनशे वर्षे भिंग काढलेल्या डोळ्यापुढे जाड चष्मा आला. शिबिरात डोळे करून आलेल्या आजोबांचे त्या चष्म्याआडचे मोठाले डोळे माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असतील. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी प्लास्टिकचे पहिले भिंग माणसाच्या डोळ्यात ठेवले. युद्धात लढाऊ विमानाच्या छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात शिरूनही डोळा त्यांना सहन करतो, हे निरीक्षण त्यामागे होते. ही कथा सर्वत्र सांगितली जाते. कमी सांगितले जाते ते असे, की रिडली यांचे भिंग जड होते आणि बऱ्याच डोळ्यांत ते जागेवरून हलले. सरकलेल्या भिंगाचा प्रश्न भिंगाइतकाच जुना आहे. दुसरे असे, की रिडली यांनी पहिल्या शस्त्रक्रियेची बातमी लगेच जाहीर केली नाही. डोळे कसे राहतात ते पाहत थांबले आणि जुलै १९५१ मध्ये ऑक्सफर्डच्या परिषदेत सांगितले. वीस महिने. आज वीस महिन्यांचा फॉलोअप असलेला निबंध बरा समजला जातो, यावरून काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

आता मुख्य विषयाकडे येतो. भिंग सरकले की शल्यकापुढे दोन वाटा असतात: तेच भिंग पुन्हा मध्यावर आणून कुठेतरी बांधायचे, किंवा ते काढून दुसरे बसवायचे. भिंग पूर्णच मागे पडद्यावर पडले असेल तर आधी पडद्याचा शल्यक लागतो. कारण डोळ्यात भरलेला जेलीसारखा व्हिट्रियस पडद्याला चिकटलेला असतो. तो न काढता भिंग ओढले तर पडदा फाटण्याची भीती असते. व्हिट्रियस कापून काढतात, कधी पाण्याहून बरेच जड असलेले द्रव आत सोडतात, त्यावर भिंग तरंगत वर येते आणि मग चिमट्याने धरता येते. हे मी प्रथम वाचले तेव्हा विहिरीत पडलेली कळशी आठवली. तिथे गळ टाकतात, इथे पाणीच जड करतात.

बांधायचे कशाला, हा पुढचा प्रश्न. डोळ्यात खुंट्या दोनच. एक आयरिस, म्हणजे बाहुलीभोवतीचे रंगीत कडे. दुसरी स्क्लेरा, म्हणजे डोळ्याचे पांढरे कवच. १९७६ साली अमेरिकेतील मॅल्कम मॅककॅनेल यांनी आयरिसमधून टाका घालून भिंगाचा पाय बांधण्याची युक्ती लिहिली. गाठ बाहेर मारायची आणि आत सोडायची, म्हणून ती नाजूक जागी ताण देई. १९९४ मध्ये सीप्सर यांनी डोळा बंद ठेवूनच गाठ आत सरकवण्याची रीत दिली. आयरिसला भिंगच चिमट्यासारखे लावण्याची कल्पना नेदरलंड्सच्या यान वोर्स्ट यांची. आपल्याकडे अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ती उचलली आणि भारतात रुजवली. कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे हे भिंग आहे आणि ते लावायला वेळही कमी लागतो. त्याचे दोर बारीक तपासत बसण्याचे कारण नाही, कारण दोर नाहीतच.

स्क्लेराला बांधायचे तर १९८० च्या दशकापासून टाके आले, आणि माझ्या तक्रारीची सुरुवात इथे होते. टाक्याला बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा टेन-ओ धागा वापरत, केसाहून बारीक. सुरुवातीच्या निबंधांत तो न विरघळणारा म्हणून कायमचा गृहीत धरलेला दिसतो. वर्षामागून वर्षे हेच गृहीत पुढच्या निबंधात छापले गेले. छापखान्यात आम्ही याला 'उतरलेली चूक' म्हणत असू: पहिल्या आवृत्तीत राहिलेली, म्हणून दुसरीत कुणी न पाहिलेली. मग २००६ साली लंडनहून एक पाहणी प्रसिद्ध झाली. व्हिट्रियस काढून टाक्यांनी भिंग बांधलेल्या ६१ डोळ्यांकडे लेखकांनी सरासरी सहा वर्षे पाहिले, आणि १७ डोळ्यांत टाका तुटला होता. तुटण्याची सरासरी वेळ शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५० महिने. दोन वर्षे पाहणाऱ्याला यातले थोडेच दिसले असते. ज्या मुलांचे डोळे लहानपणी असे बांधले गेले त्यांच्या बाबतीत 'कायमचा' या शब्दाला काय अर्थ होता, हा विचार मनातून जात नाही.

यानंतर जाड, नाइन-ओ धागा आला. काहींनी हृदय आणि रक्तवाहिन्यांसाठी बनवलेला गोर-टेक्सचा धागा डोळ्यासाठी वापरायला घेतला, जरी त्यासाठी त्याला अमेरिकेत मान्यता नव्हती. आणि एका गटाने धाग्यालाच रजा दिली. २००७ मध्ये शारिओथ गाबोर आणि पाव्हलिडिस यांनी भिंगाचे पाय स्क्लेरातल्या बोगद्यात खुपसून ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षाच्या शेवटी चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी स्क्लेराच्या दोन झडपा उचलून, पाय बाहेर काढून, बोगद्यात सरकवून झडपा फायब्रिनच्या डिंकाने चिकटवल्या. निबंध २००८ चा. फायब्रिन म्हणजे जखमेवर खपली धरणारे द्रव्य. ही पद्धत 'ग्लूड' भिंग म्हणून जगभर गेली, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण नावाबद्दल एक शंका नोंदवतो. हा डिंक काही आठवड्यांत शरीर शोषून घेते. तो झडप मिटवतो; भिंग धरतो तो बोगदा. रुग्णाला 'चिकटवलेलं भिंग' सांगितले की त्याच्या मनात भलतेच चित्र उभे राहते. मी दोन रुग्णांशी बोललो. दोघेही डिंक सुटण्याच्या भीतीत जगत होते. ही भीती नावाने दिली आहे, शस्त्रक्रियेने नव्हे.

मग आले यामाने. योकोहामाचे शिन यामाने यांचा २०१७ चा निबंध या सगळ्या साहित्यात मला सर्वांत देखणा वाटतो. दोन अतिबारीक पोकळ सुया स्क्लेरातून तिरप्या आत घालायच्या, भिंगाचा एकेक पाय सुईच्या पोकळीत ओवायचा, सुया बाहेर ओढायच्या. पाय बाहेर आले की त्यांची टोके तापवून वितळवायची, तिथे बारीक गोळी तयार होते, आणि ती गोळी स्क्लेरात ढकलून द्यायची. पाय मागे निसटत नाही. टाका नाही, झडप नाही, डिंक नाही. आपल्याकडे नायलॉनची दोरी कापली की टोक आगकाडीने जाळून गोळी करतात, नाहीतर पीळ सुटतो. चाळीतल्या कुणालाही यामाने दोन मिनिटांत समजावून सांगता येईल. चांगल्या युक्तीची हीच खूण असावी. निबंधही सरळ आहे. ९७ रुग्णांचे १०० डोळे. आठ डोळ्यांत भिंग आयरिसला अडकले, हे लेखकांनी लपवलेले नाही. पण सर्वांत लांबचा रकाना ३६ महिन्यांचा.

तेवढ्यावर जगभर ही पद्धत दोन-तीन वर्षांत पसरली. निबंधाइतकीच ती चित्रफितींनी पसरली. मी अशा चित्रफिती बऱ्याच पाहिल्या. पडद्यावर एकच डोळा, भोवती निळे कापड, मागे बहुधा सतार नाहीतर पियानो. भिंग झुलत असते, सुया येतात, भिंग मध्यावर येऊन थांबते आणि चित्रफीत संपते. ज्या क्षणी रुग्णाची गोष्ट सुरू होते त्या क्षणी दिवे लागतात. पुढे इतर शल्यकांच्या लेखांत गोळी वरच्या त्वचेतून उघडी पडल्याच्या, भिंग तिरके बसल्याच्या, ओवताना पाय मोडल्याच्या नोंदी आल्या. कोणत्या भिंगाचे पाय वितळवायला आणि वाकायला चांगले, पीव्हीडीएफचे की पीएमएमएचे, ही चर्चाही अनुभवातूनच आली. पण हे लेख छोटे असतात आणि मागच्या पानांवर असतात. युक्ती पहिल्या पानावर, तिचे आयुष्य शेवटच्या.

यावर शल्यकांचे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटे नाही. असे रुग्ण म्हातारे असतात, लांबून येतात, बरे दिसू लागले की परत येत नाहीत, काही जग सोडून जातात. तक्त्यात डावीकडून उजवीकडे जाताना डोळ्यांची संख्या घटत जाते ती यामुळे. पण मुद्रितशोधक म्हणून एक गोष्ट खटकते. शंभरातले तीस डोळे शेवटच्या रकान्यात उरले असतील आणि टक्के त्या तिसांवर काढले असतील, तर उरलेल्या सत्तरांबद्दल एक वाक्य तरी हवे. ते वाक्य मी बऱ्याच निबंधांत शोधले. थोड्यांत सापडले.

हे एकट्या माझे मत नाही, हे कळल्यावर मला धीर आला. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थाल्मॉलॉजीने २००३ मध्ये पिशवीचा आधार नसलेल्या डोळ्यांत भिंग बसवण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला. निष्कर्ष असा, की कोणतीही एक पद्धत दुसरीपेक्षा सरस म्हणायला पुरावा अपुरा आहे. २०२० मध्ये पुन्हा आढावा घेतला. मधल्या सतरा वर्षांत बोगदे आले, डिंक आला, यामाने आले. निष्कर्ष जवळजवळ तोच. सतरा वर्षांत हातांचे कौशल्य कुठल्या कुठे गेले आणि ज्ञान होते तिथे राहिले, असे मी म्हटले तर शल्यक रागावतील. पण दोन्ही आढावे शेजारी ठेवून वाचावेत.

एका निबंधाने मात्र मला समाधान दिले. ओस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयातील एका गटाने २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्यूडोएक्सफोलिएशन स्कँडिनेव्हियात खूप आढळते, म्हणून पिशवीसकट सरकलेली भिंगेही तिथे जास्त. त्यांनी १०४ रुग्ण घेतले. कुणाचे तेच भिंग स्क्लेराला टाके घालून पुन्हा बसवायचे आणि कुणाचे काढून आयरिसला चिमट्याचे भिंग लावायचे, हे शल्यकाच्या पसंतीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या दृष्टीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पुढे दोन वर्षांपर्यंतचे निकालही त्यांनी दिले. निबंधात नवी युक्ती नाही, कुणाचे नाव कुठल्या गाठीला लागलेले नाही. चित्रफीत केली तर कंटाळवाणी होईल. पण 'जुने ठेवायचे की बदलायचे' या प्रश्नावर हात ठेवून बोलता येईल असे जे थोडे आहे त्यात हा निबंध येतो. असे निबंध कमी का, याचे उत्तर सोपे आहे: नवी गाठ शोधणाऱ्याला व्याख्यानाला बोलावतात, जुन्या दोन गाठी तोलणाऱ्याला कोण बोलावणार?

हा प्रश्न आपल्याला आता का नडणार आहे ते सांगतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात ऑल्मस्टेड नावाची काउंटी आहे. तिथल्या लोकांच्या वैद्यकीय नोंदी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र ठेवल्या जातात. १९८० पासूनच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या नोंदींतून २०११ मध्ये भिंग उशिरा सरकण्याचा धोका काढला गेला. दहा वर्षांनी ०.१ टक्का. पंधरा वर्षांनी ०.२. वीस वर्षांनी ०.७. पंचवीस वर्षांनी १.७. प्रत्यक्ष रुग्ण मोजकेच होते, म्हणून शेवटच्या आकड्यावर फार भार टाकू नये. पण चढण पाहा. पहिली दहा वर्षे रेघ जमिनीवर पडून आहे, वीस वर्षांनंतर उठते.

आता आपले पाहू. मदुराईत १९९२ मध्ये ऑरोलॅब सुरू झाली आणि भिंगाची किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प सात राज्यांत चालला. महाराष्ट्र त्यात होता. जाड चष्म्याची जागा भिंगाने घेतली ती या दशकात. आज देशात वर्षाला साठ लाखांहून अधिक मोतीबिंदू निघतात. नव्वदीच्या दशकात सत्तरीत असलेले आता नाहीत. पण तेव्हा पन्नाशीत असलेले, माझ्या आईसारखे, आहेत, आणि त्यांची रेघ उठण्याच्या जागी आली आहे. आता तर लोक पंचेचाळिशी-पन्नाशीतच भिंग बसवून घेतात आणि नव्वदीपर्यंत जगतात. त्यांच्यासाठी ३६ महिन्यांचा रकाना म्हणजे मासिक पाळीच्या पहिल्या दिवशी लिहिलेला मुलीचा जीवनपट.

आईकडे परत येतो. कार्ड नसल्याने डॉक्टरांना भिंग ओळखावे लागले. बाहुली मोठी करून, दिव्याखाली पाहून ते म्हणाले, "पीएमएमएचं दिसतंय, एकसंध." याला महत्त्व होते. तीन भागांच्या भिंगाचे पाय यामाने पद्धतीने ओवता येतात. मऊ, एकसंध अॅक्रिलिक भिंगाचे जाड पाय ओवता येत नाहीत. ते आयरिसच्या मागे मोकळे ठेवले तर घासून दाह, रक्तस्राव आणि डोळ्यातला दाब वाढण्याचा त्रास होतो. कडक पीएमएमए घडी होत नाही. काढायचे तर सहा मिलिमीटरचा छेद लागतो. बाहेर काढण्यापेक्षा तेच उचलून बांधणे बरे, असे ठरले. दोन्ही पायांभोवती, पिशवीसकट, धाग्याचे फास टाकून स्क्लेराला. सगळा निर्णय भिंग कोणते आहे यावर उभा होता, आणि ती माहिती १९९९ साली एका खोक्यावरच्या चिकटपट्टीवर छापलेली होती. कुणीतरी ते खोके टाकून दिले.

शस्त्रक्रिया चांगली झाली. डॉक्टर सज्जन होते आणि आहेत, म्हणून पुढचे लिहिताना हात अडखळतो. घरी निघताना मी विचारले, "धागा कोणता वापरला?" त्यांना आश्चर्य वाटले. "नाइन-ओ प्रोलीन." मग मी विचारले, "किती वर्षं टिकेल?" ते हसून आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजींना पुरेल."

आईला ऐकू चांगले येते. रिक्षात बसल्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे त्यानं माझं वय मोजलं, दोऱ्याचं नाही." एवढा नेमका अभिप्राय मला शंभर निबंध वाचूनही लिहिता आला नसता. डॉक्टरांनी वाईट मनाने म्हटले नव्हते. त्यांनी दिलासा दिला होता. पण त्या दिलाशाची भाषा त्यांना त्याच साहित्यातून मिळाली होती जिथे रकाना तीन वर्षांवर संपतो आणि पुढचे रुग्णाच्या वयावर सोडलेले असते. आई तेव्हा शहात्तर वर्षांची होती. तिची आई त्र्याण्णवाव्या वर्षी गेली.

घरी येऊन सुट्टीचा कागद वाचला. त्यात रक्तदाब होता, साखर होती, थेंबांची नावे आणि वेळा होत्या. शस्त्रक्रियेच्या ओळीत इंग्रजीत तीन शब्द: भिंग पुन्हा बसवले. धागा कोणता, किती जागी, कोणत्या बाजूंना, गाठी कुठे गाडल्या, आतले भिंग कोणते दिसले, काही नाही. म्हणजे १९९९ ची चूक २०२१ च्या कागदावर पुन्हा उतरली होती. हा एकाच रुग्णालयाचा दोष म्हणून सांगत नाही. त्यानंतर ओळखीच्या अकरा घरांतले मोतीबिंदूचे कागद मागून पाहिले, भिंगाची चिकटपट्टी लावलेले कार्ड चार घरांत निघाले. एका घरी ते देवघरातल्या पोथीत खूण म्हणून होते.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांकडे शस्त्रक्रियेची पूर्ण टिपणी मागितली. त्यांनी कुरकूर न करता अर्ध्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि विचारले, "काका, हे तुम्हाला कशाला हवं?" मी म्हटले, "मला नको. पुढच्या डॉक्टरांना हवं." त्यांनी थोडा विचार केला आणि खाली शिक्का मारला. त्यानंतर त्यांच्याकडे अशा रुग्णांच्या सुट्टीच्या कागदावर धागा आणि भिंग लिहू लागले आहेत, असे त्यांच्या साहाय्यकाने मला सांगितले.

यंदा नोव्हेंबरात चार वर्षे होतील, म्हणजे ४८ महिने. लंडनच्या त्या पाहणीतला सरासरी आकडा ५० होता. धागा त्याहून जाड आहे, हे मी आईला सांगितले आहे. दर सहा महिन्यांनी तिला तपासून आणतो. समई सध्या एकच दिसते. टिपणीचा कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवला आहे, एक प्रत पुतण्याच्या मोबाइलमध्ये आहे, आणि कपाटाच्या दाराला आतून मी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवले आहे: उजवा डोळा, पीएमएमए, एकसंध, १९९९; नाइन-ओ प्रोलीन, दोन जागी, तीन वाजता आणि नऊ वाजता, २०२१.